पत्रादेवीचा नाका कधी उघडायचा? गोव्याच्या सीमाबंदीचे प्रकरण, २०२०–२१

गोव्यात जमिनीवरून यायच्या मोठ्या वाटा मोजक्याच आहेत. उत्तरेला पत्रादेवी, सातार्डा-न्हयबाग, किरणपाणी आणि दोडामार्ग, पूर्वेला चोर्ला घाटाखालचे केरी आणि अनमोड घाटाखालचे मोले, दक्षिणेला पोळे. त्यात मडगाव-थिवीची रेल्वे स्थानके, दाबोळीचा विमानतळ आणि मुरगाव बंदर धरले की तेव्हाची यादी जवळजवळ संपत होती. एवढ्या ठिकाणी पहारा बसवला की अख्खे राज्य बंद करता येईल, असे नकाशा पाहणाऱ्याला वाटते. मार्च २०२० ते सप्टेंबर २०२१ या कोविडच्या काळात गोव्याने ही दारे बंद केली, अर्धी उघडली, सताड उघडली, उच्च न्यायालयाच्या आदेशाने पुन्हा अर्धी लावली आणि अखेर लसीच्या प्रमाणपत्रावर मोकळी केली. साधारण पंधरा लाख वस्तीच्या आणि पर्यटनावर जगणाऱ्या राज्यात दीड वर्षात एवढे सगळे झाले, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडावेसे वाटले.

या सगळ्या काळात वाद एकाच शब्दावर झाला: कधी? कोणत्या तारखेला उघडायचे, कोणत्या तारखेला बंद करायचे. सरकार तारीख सांगायचे, विरोधक ती चुकीची म्हणायचे, व्यापारी अलीकडची मागायचे, डॉक्टर पलीकडची. सीमेवरच्या पेडणे तालुक्यात राहून हा वाद ऐकताना एक गोष्ट सतत खटकत होती. नाक्यावरून रोज येणारी माणसे कोण आहेत आणि ती आजारी पडली तर बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, म्हणजे गोमेकॉत, त्यांना खाट आणि प्राणवायू मिळणार आहे का, हे दोन प्रश्न तारखेच्या आधी यायला हवे होते. ते नेहमी मागून आले. माझ्या मते या प्रकरणातले बहुतेक नुकसान त्या उलट्या क्रमामुळे झाले.

हिरवा विभाग

२२ मार्च २०२० चा जनता कर्फ्यू गोव्याने आणखी तीन दिवस वाढवला आणि तो संपतो न संपतो तोच देशव्यापी टाळेबंदी आली. २५ मार्चला राज्यातले पहिले तीन रुग्ण जाहीर झाले. तिघेही परदेशातून आलेले होते: एक स्पेनहून, एक ऑस्ट्रेलियाहून, एक अमेरिकेहून. पुढे ही संख्या सातवर गेली आणि तिथेच थांबली. १९ एप्रिलला सातवा रुग्णही बरा झाला आणि महिनाअखेर केंद्राच्या यादीत उत्तर आणि दक्षिण गोवा दोन्ही जिल्हे हिरव्या, म्हणजे रुग्ण नसलेल्या, विभागात आले.

हे यश खरे होते, पण त्याची किंमत पहिल्याच आठवड्यात दिसली होती. किराणा दुकानेसुद्धा बंद ठेवून घरपोच सामान देण्याची योजना आखली गेली आणि ती कोलमडली. भाजी आणि दुधाचा मोठा भाग बेळगावहून चोर्ल्यामार्गे येतो, तो अडला. दोन-तीन दिवसांत लोक रिकाम्या पिशव्या घेऊन बंद दुकानांसमोर उभे राहिले आणि सरकारला दुकाने उघडावी लागली. सीमा माणसांसाठी बंद करता येते, मालासाठी नाही, आणि माल आणणाऱ्या गाडीत चालक आणि क्लीनर ही माणसेच असतात. पश्चिम ऑस्ट्रेलियाने मार्च २०२२ पर्यंत आपली सीमा जवळजवळ बंद ठेवली. तिथला वाळवंटाचा पट्टा आणि इथला चोर्ला घाट यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. गोव्याची सीमा म्हणजे रोजच्या जेवणाची वाट आहे.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात बाहेरून आलेल्या सात जणांच्या चाचण्या सकारात्मक आल्या आणि हिरवा विभाग संपला. त्याच सुमारास दिल्लीहून सुटणारी राजधानी एक्स्प्रेस मडगावला थांबू लागली, तिच्यातून उतरलेल्यांमध्ये रुग्ण सापडू लागले, आणि गाडीचा मडगावचा थांबाच रद्द करावा अशी मागणी राज्य सरकारने रेल्वेकडे केली. जहाजांवर अडकलेले तारवटी, म्हणजे खलाशी, परत यायचे होते. तेही गोंयकारच, पण त्यांच्याकडेही संशयाने पाहिले गेले. आपली माणसे आणि बाहेरची माणसे ही विभागणी विषाणूला कळत नाही, हे तारवट्यांच्या घरच्यांनी तेव्हा फार सोसून जाणले.

मुद्दा असा की सीमाबंदीने गोव्याला जवळजवळ दोन महिने मिळवून दिले. सीमाबंदी एवढेच करू शकते, ती वेळ विकत घेते. त्या वेळात घरोघरी सर्वेक्षण झाले, बांबोळीच्या गोमेकॉत चाचणीची सोय उभी राहिली, मडगावच्या ईएसआय इस्पितळात कोविडसाठी खाटा झाल्या. हे चांगले काम होते. पण सगळी चर्चा ‘शून्य रुग्ण’ या आकड्यावर केंद्रित झाल्यामुळे शून्य गेल्यावर काय करायचे याची तयारी लोकांच्या मनात झाली नाही. १ जूनला वास्कोतले मांगोर हिल प्रतिबंधित क्षेत्र झाले. बंदर, रेल्वे आणि विमानतळाच्या सावलीत दाटीवाटीने वसलेली ती वस्ती. संसर्ग आता आत होता, नाक्यावर नव्हता. २२ जूनला सत्तरी तालुक्यातल्या मोर्ले गावचे एक वृद्ध गृहस्थ गेले, राज्यातला कोविडचा तो पहिला मृत्यू.

१ सप्टेंबर २०२०

उन्हाळा-पावसाळ्यात प्रवेशाची पद्धत तीन पर्यायांची होती. चाचणीचे नकारात्मक प्रमाणपत्र दाखवा, नाहीतर दोन हजार रुपये भरून इथे चाचणी करा, नाहीतर चौदा दिवस घरात विलग राहा. २ जुलैपासून परवानगी घेतलेली सुमारे अडीचशे हॉटेले उघडली, पण पर्यटक फारसे फिरकले नाहीत. जुलैच्या मध्यावर तीन दिवसांची टाळेबंदी झाली, रात्रीचा कर्फ्यू लागला. काही गावांनी आणि बाजारांनी स्वतःहून दुकाने बंद ठेवली.

२२ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. त्याच दिवशी केंद्रीय गृह सचिवांचे पत्र राज्यांना निघाले की आंतरराज्य वाहतुकीवर निर्बंध घालू नयेत. पाठोपाठ २९ ऑगस्टच्या ‘अनलॉक ४’ च्या मार्गदर्शक सूचनांतही तेच आले. १ सप्टेंबरपासून गोव्याची सीमा पूर्ण उघडली. चाचणी नाही, प्रमाणपत्र नाही, विलगीकरण नाही. बार आणि रेस्टॉरंटही त्याच दिवशी उघडली.

सप्टेंबर वाईट गेला. ऑगस्टअखेर दोनशेच्या आत असलेली मृतांची संख्या महिनाभरात चारशेच्या पुढे गेली. तेव्हापासून आजवर ‘सीमा उघडली आणि माणसे मेली’ असे म्हणणारे खूप भेटतात. मला हे म्हणणे पटत नाही, आणि का ते नीट सांगितले पाहिजे. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसायला साधारण पाच दिवस जातात, प्रकृती खालावून इस्पितळात दाखल व्हायला आणखी आठवडा, आणि मृत्यू झालाच तर तो बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात होतो. म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जे गेले, त्यांना संसर्ग ऑगस्टमध्येच झालेला होता. तेव्हा नाक्यांवर तपासणी होतीच. चवथीला लोक मूळ घरी जमतात, एकेका घरात तीन-चार बिऱ्हाडे एकत्र येतात, माटोळीच्या (गणपतीवर बांधायच्या फळा-फुलांच्या) बाजारात खांद्याला खांदा लागतो. संसर्ग राज्याच्या आत वाढत होता आणि सीमा उघडण्याचा दिवस नेमका त्या चढावर आला. आधीच्या आणि नंतरच्या घटना एकामागे एक आल्या म्हणून त्यांत कार्यकारणभाव आहेच असे नाही.

पण सरकारची बाजूही यातून सुटत नाही. निर्णय दिल्लीच्या पत्राने झाला, तरी इस्पितळांतल्या खाटांची स्थिती पाहून बार काही आठवडे पुढे ढकलणे राज्याच्या हातात होते. सीमा उघडणे आणि बंदिस्त जागा उघडणे हे दोन वेगळे निर्णय एकाच दिवशी, एकाच आदेशाच्या भरात झाले.

जो हिवाळा चुकीचे शिकवून गेला

नोव्हेंबरमध्ये कॅसिनो सुरू झाले. डिसेंबरात कळंगुट-बागा फुलून गेले. देशाबाहेर जाता येत नव्हते म्हणून मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळूरची माणसे गोव्यात आली. रुग्ण मात्र कमी होत गेले. जानेवारीत इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला, फेब्रुवारीत कार्निव्हल, मार्चमध्ये पालिका निवडणुका.

या महिन्यांनी धोरणकर्त्यांना आणि आम्हा सगळ्यांनाच एक धडा दिला: सीमा सताड उघड्या, गर्दी प्रचंड, तरी काही होत नाही. हा धडा त्या विषाणूपुरता आणि त्या महिन्यांपुरता होता. पुढे विषाणूचा डेल्टा हा नवा प्रकार आला तेव्हा तो लागू राहिला नाही. अर्थकारणाचा दाबही समजून घ्यायला हवा. २०१९ मध्ये सुमारे ८० लाख पर्यटक गोव्यात आले होते, त्यांत नऊ लाखांहून अधिक परदेशी. मार्च २०१८ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे खाणी बंद होत्या. खाण नाही, परदेशी चार्टर विमाने नाहीत. देशी पर्यटकही थांबवायचा तर किनाऱ्यावरचा शॅकवाला, टॅक्सीवाला, हॉटेलातला मुलगा खाणार काय? सीमा उघडी ठेवा म्हणणाऱ्यांना पैशाचे लोभी ठरवणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे आहे. त्यांची भूक खरी होती.

एप्रिल-मे २०२१

या प्रकरणाचा गाभा इथे आहे.

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात महाराष्ट्र होरपळत होता. १८ एप्रिलला महाराष्ट्र सरकारने गोव्यासह काही राज्ये ‘संवेदनशील’ ठरवली आणि तिथून रेल्वेने येणाऱ्यांना आरटीपीसीआर अहवाल सक्तीचा केला. म्हणजे गोव्याचा माणूस सावंतवाडीला गाडीतून उतरला तर त्याच्याकडे अहवाल हवा, आणि मुंबईचा माणूस थिवीला उतरला तर काही नको. टाळेबंदी नाही, पर्यटनावर बंदी नाही, ही गोवा सरकारची भूमिका एप्रिलचा बराच काळ कायम राहिली. २१ एप्रिलला रात्रीचा कर्फ्यू जाहीर झाला. २३ एप्रिलला मडगाव, म्हापसा, मुरगाव, केपे, सांगे या पालिकांसाठी मतदान झाले. २९ एप्रिलच्या रात्रीपासून ३ मेच्या सकाळपर्यंत छोटी टाळेबंदी लागली आणि उठली. मेच्या पहिल्या आठवड्यात तपासलेल्या नमुन्यांपैकी निम्म्याहून जास्त सकारात्मक येत होते. इतके जास्त प्रमाण आले म्हणजे चाचण्या संसर्गाच्या खूप मागे पडल्या आहेत असे समजायचे. आकडे दिसतात त्याहून परिस्थिती कितीतरी वाईट असते.

दक्षिण गोवा वकील संघटना आणि इतरांच्या याचिकांवर मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ६ मे रोजी आदेश दिला: १० मेपासून नकारात्मक अहवालाशिवाय कोणालाही गोव्यात प्रवेश देऊ नये. जो निर्णय सरकारने घ्यायचा तो न्यायालयाला घ्यावा लागला. ९ मेपासून राज्यव्यापी कर्फ्यू सुरू झाला आणि तो पुढे आठवड्या-आठवड्याने वाढत गेला.

आता दिवस जुळवून पाहा. नाक्यांवर तपासणी सुरू झाली १० मेला. ११ मेच्या पहाटे, दोन ते सहाच्या दरम्यान, गोमेकॉत २६ रुग्ण दगावल्याचे आरोग्यमंत्री विश्वजित राणे यांनी स्वतः सांगितले आणि उच्च न्यायालयाने चौकशी करावी अशी मागणी केली. आदल्या दिवशी बाराशे जंबो सिलिंडर हवे होते आणि चारशेच आले, हेही त्यांनी सांगितले. मुख्यमंत्री डॉ. प्रमोद सावंत त्या दिवशी गोमेकॉत गेले. त्यांचे म्हणणे होते की प्राणवायूचा तुटवडा नाही, तो वेळेवर खाटेपर्यंत पोहोचवण्यात अडचण आहे. पुढच्या तीन रात्रीही तशाच गेल्या. त्या चार रात्रींत मिळून सत्तरच्या आसपास माणसे पहाटेच्या वेळी गेली. न्यायालयाने प्राणवायूअभावी होणारे मृत्यू म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग असल्याचे स्पष्ट केले आणि रोजच्या रोज अहवाल मागवले.

अडचण कुठे होती ते समजून घेतल्याशिवाय सीमेची चर्चा अर्धवट राहते. बांबोळीत तेव्हा प्राणवायूचा मोठा भाग सिलिंडरच्या ट्रॉल्यांमधून यायचा. ट्रॅक्टर ट्रॉली ओढून आणायचा, ती मुख्य नळीला जोडायची, रिकामी सोडवायची. जोडणी बदलताना दाब पडतो. एका वॉर्डात हाय-फ्लोवर, म्हणजे प्राणवायूच्या जोरदार प्रवाहावर, पंधरा-वीस माणसे असतील तर तेवढ्या मिनिटांत त्यांची फुप्फुसे उपाशी राहतात. दिवसा माणसे जास्त, धावपळ करून भागते. पहाटे तीनला भागत नाही. २० हजार लिटरची द्रवरूप प्राणवायूची टाकी गोमेकॉत बसली ती मेच्या मध्यावर, या रात्रींनंतर.

ती टाकी जानेवारीत बसवता आली असती. सप्टेंबर २०२० ने काय लागते ते दाखवले होते. सप्टेंबरअखेरपासून मार्चअखेरपर्यंत सहा महिने हातात होते आणि सीमा उघडी असल्यामुळे थोडाफार महसूलही येत होता. या दीड वर्षातल्या सगळ्या निर्णयांत मला सगळ्यात जास्त टोचणारा भाग हा आहे. सीमा उघडी ठेवण्यावर जेवढा आग्रह झाला, त्याच्या पाव हिश्शाने जरी ‘उघडे ठेवायचे तर आधी टाकी’ असा आग्रह झाला असता, तर त्या पहाटे वेगळ्या गेल्या असत्या. मार्चअखेरपर्यंत राज्यात आठशे-साडेआठशे मृत्यू झाले होते. जूनअखेर ते तीन हजारांवर गेले. तीन महिन्यांत, एवढ्याशा राज्यात. प्रत्येक वाड्यावर कुणी ना कुणी गेले.

एप्रिलच्या मध्यावर काय करता आले असते? १८ एप्रिलला महाराष्ट्राने अहवाल मागायला सुरुवात केली त्याच दिवशी गोव्यानेही मागायला हवा होता. त्याने संसर्ग थांबला नसता. बहात्तर तासांपूर्वीचा अहवाल नकारात्मक असलेला माणूस आज संसर्गित असू शकतो, आणि डेल्टा तोवर आत आलेलाच होता. पण पर्यटकांची संख्या लगेच घटली असती, हॉटेल-पार्ट्यांची गर्दी ओसरली असती आणि तीन आठवडे मिळाले असते. तीन आठवड्यांत टाकी बसते. इतर ठिकाणी बसल्या.

सिंधुदुर्गातून रोज येणारे

न्यायालयाचा आदेश योग्य होता, पण त्याचा सगळ्यात मोठा भार ज्यांनी उचलला ते पर्यटक नव्हते. बांदा, सातार्डा, आरोंदा, दोडामार्ग, सावंतवाडी या पट्ट्यातली हजारो माणसे रोज सकाळी गोव्यात कामाला येतात आणि संध्याकाळी परततात. तुये, कोलवाळ, म्हापसा, कुंडईच्या कारखान्यांत, औषध कंपन्यांत, दुकानांत, हॉटेलांत. उलट दिशेने पेडण्याची माणसे बांद्याच्या बाजाराला जातात. सोयरिकी दोन्हीकडे आहेत. सिंधुदुर्गातला गंभीर रुग्ण बांबोळीलाच येतो, कारण गोमेकॉएवढे मोठे सरकारी इस्पितळ त्याला जवळ दुसरे नाही. वैद्यकीय निकडीच्या रुग्णांना आणि मालवाहू गाड्यांना आदेशातून नंतर सवलत मिळाली. रोजच्या कामगाराला मिळाली नाही.

त्याचे गणित मांडून पाहू. अहवाल बहात्तर तास चालतो. महिन्याला किमान दहा अहवाल लागतात. महाराष्ट्रात तेव्हा खासगी केंद्रात आरटीपीसीआरचा दर ५०० रुपये ठरलेला होता. म्हणजे महिन्याला पाच हजार. पंधरा हजार पगाराच्या मुलाने एक तृतीयांश पगार नाकात काडी घालायला द्यायचा. सरकारी केंद्रात चाचणी फुकट, पण अहवाल यायला दोन दिवस गेले की बहात्तरातले चोवीसच तास उरतात. ज्यांना जमले ते गोव्यातच खोली घेऊन राहिले, एका खोलीत चार-पाच जण. संसर्ग रोखण्यासाठी केलेल्या नियमाने माणसे अशी दाटीत ढकलली. ज्यांना जमले नाही त्यांची नोकरी गेली. दोडामार्ग, बांदा भागातून निवेदने निघाली, नाक्यांवर आंदोलने झाली.

जुलैच्या सुरुवातीला न्यायालयाने एक सवलत दिली. लसीच्या दोन्ही मात्रा घेऊन चौदा दिवस झालेल्यांना कामासाठी, व्यवसायासाठी येताना अहवालाची गरज नाही. वर्तमानपत्रांनी याचे स्वागत केले. पण पंचविशीतल्या कामगाराला त्या सवलतीचा उपयोग किती होता ते पाहा. अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाला लस मे महिन्यात कशीबशी सुरू झाली, साठाच नव्हता. २१ जूनपासून केंद्राने सगळ्यांना मोफत लस सुरू केली तेव्हा कुठे रांगा पुढे सरकल्या. १३ मेला कोविशिल्डच्या दोन मात्रांमधले अंतर बारा ते सोळा आठवडे केले होते. जूनअखेर पहिली मात्रा मिळालेल्या मुलाला दुसरी मिळणार सप्टेंबरअखेर, आणि वर चौदा दिवस. म्हणजे ऑक्टोबरचा मध्य. जुलैची सवलत पंचेचाळीसच्या वरच्या वर्गासाठी होती. तो वर्ग बहुधा स्वतःच्या गाडीने येतो, हॉटेलात उतरतो किंवा बैठकीला येतो. कारखान्याच्या पाळीवर पायी नाका ओलांडणारा त्यात बसत नव्हता. कुणी मुद्दाम केले असे नाही. नियम लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पर्यटक होता.

इथे एक वेगळा पर्याय होता आणि तो अवघड नव्हता. उत्तर गोवा आणि सिंधुदुर्गच्या जिल्हाधिकाऱ्यांनी मिळून रोजच्या कामगारांची यादी करायची, कारखान्याच्या ओळखपत्रावर पास द्यायचा, नाक्यावर आठवड्याला एकदा रॅपिड अँटिजेन चाचणी करायची आणि त्यांना लसीत अग्रक्रम द्यायचा, मग ते कोणत्याही राज्यात राहोत. लस महाराष्ट्राच्या कोट्यातून की गोव्याच्या, हा प्रश्न दोन कार्यालयांनी अर्ध्या दिवसात सोडवण्यासारखा होता. ज्या मुलामुळे गोव्यातला औषधाचा कारखाना चालतो त्याला लस देणे हे गोव्याच्याच हिताचे होते.

शंभर टक्के पहिली मात्रा

जूनमध्ये मुख्यमंत्र्यांनी सांगितले की पात्र लोकसंख्येला शंभर टक्के पहिली मात्रा दिल्याशिवाय पर्यटन सुरू होणार नाही. जुलैअखेरचे लक्ष्य ठेवले, ‘टीका उत्सव’ नावाच्या लसीकरण मोहिमा भरवल्या, पंचायत घरांत, शाळांत शिबिरे झाली. लक्ष्य दीड महिना लांबले आणि १० सप्टेंबर २०२१ रोजी, योगायोगाने चवथीलाच, ते पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. २० सप्टेंबरपासून कॅसिनो निम्म्या क्षमतेने उघडले. पुढे १५ ऑक्टोबरपासून चार्टर विमानांना आणि १५ नोव्हेंबरपासून इतर विमानांनी येणाऱ्या परदेशी पर्यटकांना केंद्राने व्हिसा द्यायला सुरुवात केली.

दीड वर्षातला मला सगळ्यात समंजस वाटणारा निर्णय हा. इथे पहिल्यांदा उघडण्याचा दिवस कॅलेंडरवरून न ठरता अटीवरून ठरला. दिवस लांबला तर का लांबला हे प्रत्येकाला समजत होते आणि तो जवळ आणायला प्रत्येकाच्या हातात काहीतरी होते. शॅकवाला आपल्या कामगारांना घेऊन केंद्रावर जात होता, कारण त्याची शॅक त्यावर उघडणार होती. ऑस्ट्रेलियाच्या संघराज्य सरकारने त्याच जुलैत सोळा वर्षांवरील ७० आणि ८० टक्के लोकांच्या दोन्ही मात्रांवर आपली योजना आखली होती. गोव्याने एकाच मात्रेवर समाधान मानले, आणि डेल्टाविरुद्ध एक मात्रा पुरेशी नाही हे तोवर कळले होते. ही त्रुटी मोठी होती. तरीही दिशा बरोबर होती.

जानेवारी २०२२

डिसेंबरअखेर गोव्यात ओमायक्रॉनचा पहिला रुग्ण जाहीर झाला, इंग्लंडहून आलेला आठ वर्षांचा मुलगा. पार्ट्यांना, कॅसिनोंना, रेस्टॉरंटना दोन मात्रांचे प्रमाणपत्र किंवा नकारात्मक अहवाल सक्तीचा झाला, पण नवीन वर्षाची गर्दी झालीच. वर्षाच्या पहिल्या दिवसांत सुमारे दोन हजार प्रवासी घेऊन आलेले कॉर्डेलिया जहाज मुरगावला पोहोचले, त्यावर ६६ जण सकारात्मक निघाले, आणि त्यांना उतरवायचे की परत पाठवायचे यावर खल झाला. शेवटी जहाज मुंबईला परत गेले. शाळा-महाविद्यालये २६ जानेवारीपर्यंत बंद झाली.

जानेवारीच्या मध्यावर दिवसाला तीन हजारांवर रुग्ण सापडू लागले, जवळपास मे २०२१ एवढेच. मृत्यू मात्र मेच्या जवळपासही गेले नाहीत. ओमायक्रॉन सौम्य होता हे एक कारण, लस हे दुसरे, आणि बांबोळीत आता द्रवरूप प्राणवायूची टाकी होती हे तिसरे. या तीन कारणांचा वाटा किती किती, हे वेगळे काढणे कठीण आहे.

त्या महिन्यात नाके बंद झाले नाहीत. सातार्ड्याहून तुयेला कामाला येणाऱ्या मुलाला तोवर दुसरी मात्रा मिळाली होती. मोबाईलवरचे प्रमाणपत्र दाखवून तो सकाळच्या पाळीला वेळेत पोहोचत होता. त्याच्या महिन्याच्या खर्चातला अहवालाच्या पाच हजार रुपयांचा बोजा आता संपला होता. २०२१ च्या जून-जुलैत ज्यांची नोकरी गेली त्यांच्यातल्या कितींना ती परत मिळाली, याची मोजणी दोन्ही जिल्ह्यांनी मिळून करायला हवी. ती अजूनही करता येईल. कारखान्यांची हजेरीपुस्तके आहेत.